काडी पैलवानाची शुगर

नागपूरच्या धरमपेठेत मला सगळे 'काडी पैलवान' म्हणतात. वजन 56 किलो, कॉलेजपासून तेवढंच. म्हणून रोज तर्री-पोहे, वरून अजून तर्री. आपल्याला काय होते बापा! मागच्या महिन्यात एचबीए1सी, म्हणजे रक्तातल्या तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा, 6.8 टक्के निघालं. 6.5 पासून मधुमेह धरतात. रिपोर्ट बदलला असेल म्हटलं. दुसऱ्यांदाही तेच.

डॉक्टरांनी पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचा किस्सा सांगितला. 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो आला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, 22.3, पण चरबी ब्रिटिशाची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2! ही चरबी पोटात, यकृतात दडते, वजनकाट्याला कळत नाही. माझेही हातपाय काड्या, पँट मात्र कमरेत घट्ट. धुऊन आकसली असं मी समजत होतो.

तर्रीतले फक्त चणे खायचे, असं आता बायकोनं ठरवलंय. तर्रीशिवाय चणे!