पंप बंद केल्यावर पाणी कुठे जातं?

एका सरकारी कोळसा कंपनीत मी चोवीस वर्षं सर्व्हेअर आहे. आमची भूमिगत खाण तोट्यात आहे, ते कुणी नाकारत नाही. 2019-20 मध्ये कोल इंडियाने 602 दशलक्ष टन कोळसा काढला, त्यात भूमिगत खाणींचा वाटा जेमतेम 5 टक्के. माणसं मात्र त्या मानाने कितीतरी जास्त. म्हणून खाण बंद करावी का हे तपासायला सल्लागार नेमले तेव्हा नवल वाटलं नाही. राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. खाणींचं नियोजन करणारी सीएमपीडीआय ही सरकारचीच संस्था रांचीत 1975 पासून आहे. तिचे जुने अहवाल आमच्या कपाटात होते, ते कुणी मागितलेसुद्धा नाहीत.

सल्लागारांची चार मुलं आली. हुशार, नम्र. एकदाच खाली उतरली, बाकी सगळं काम एक्सेलवर. मॅनशिफ्ट (एका माणसाची एक पाळी), टन, वीज, स्टोअर्स, पंपांचे तास. खाणीतलं पाणी उपसणारे चार पंप तिन्ही पाळ्यांत चालतात, पावसाळ्यात पाचवा जोडावा लागतो. ते तास इंजिनिअरकडून घेऊन मीच भरून दिले.

सादरीकरणाच्या दिवशी पडद्यावर ‘खाण बंद केल्यास वाचणारा खर्च’ असा तक्ता आला. तिसऱ्या ओळीत पंपिंग, पुढे शंभर टक्के बचत. मी उभा राहिलो.

खाण बंद झाली म्हणून पाणी यायचं थांबत नाही. आमच्या पूर्वेला राष्ट्रीयीकरणाच्या आधीच्या जुन्या गॅलऱ्या, म्हणजे कोळसा काढून सोडलेले बोगदे, आहेत आणि त्यांच्या पलीकडे शेजारची चालू खाण. पंप थांबले की त्या गॅलऱ्या भरणार आणि मधल्या बॅरिअरवर, म्हणजे न काढता राखलेल्या कोळशाच्या भिंतीवर, पाण्याचा दाब चढत जाणार. पाणी भरलेल्या जुन्या कामांपासून (आधी खोदलेल्या भागांपासून) 60 मीटरच्या आत परवानगीशिवाय कोळसा काढायचा नाही, असा नियम आहे. पण ते 60 मीटर मोजायचे कशावर? त्या भागाचा नकाशा कापडी ट्रेसिंगवर शाईने काढलेला आहे. मोजमाप फुटांत, आणि उत्तरेचा बाण त्या काळच्या होकायंत्राचा. चुंबकीय उत्तर दरवर्षी थोडी सरकते, शिवाय कापड आकसतं. आमचा नकाशा मी दोनदा त्याच्याशी जुळवला, दोन्ही वेळा बॅरिअरची जाडी वेगळी आली. 2 फेब्रुवारी 2001 ला धनबादजवळच्या बागडिगीत शेजारच्या जुन्या कामांतलं पाणी फुटून 29 कामगार गेले. आमच्या पेशात तो दिवस कुणी विसरत नाही.

खोलीत कुणी बोलेना. सल्लागारांचा प्रमुख म्हणाला, “सर, आम्हाला मिळालेल्या डेटात हे नव्हतं.” तो खरंच सांगत होता. मग आमचे जनरल मॅनेजर माझ्याकडे वळले. “तुम्ही हे आधी का नाही सांगितलंत?”

तोच प्रश्न अजून डोक्यातून जात नाही. सल्लागारांच्या फॉर्ममध्ये पाण्याच्या दिशेला रकाना नव्हता. पण शेवटी ‘शेरा’ होता, आणि तो मी कोरा सोडला होता. वाटलं होतं, एवढा मोठा मोबदला घेणारी माणसं विचारतीलच.

अंतिम अहवालात ती शंभर टक्क्यांची ओळ नव्हती. तिच्या जागी लिहिलं होतं, ‘शेजारील खाणीस असलेल्या जलधोक्याचा स्वतंत्र अभ्यास करावा.’ तो अभ्यासही त्याच सल्लागारांना मिळाला. जुन्या कामांचा ठाव घ्यायला पुढे छिद्रं घेणारी एक बोअरिंग मशीन आम्ही मागितली आहे. ती फाइल दोन वर्षं निधी नाही म्हणून पडून आहे. सल्लागारांच्या या अभ्यासाच्या पैशात अशा दोन मशीन आल्या असत्या, हे मी मुख्यालयात तोंडावर सांगितलं.

आता ती मुलं पुन्हा येणार आहेत. या वेळी पहिल्याच दिवशी कापडी नकाशा टेबलावर पसरायचा, असं ठरवलंय. काल तो कपाटातून काढला. पूर्वेकडची घडी विरली आहे, नेमकी बॅरिअरच्या रेषेवर. चेनमनने, म्हणजे मोजणीतल्या माझ्या मदतनिसाने, दोन्ही टोकं धरली आणि आम्ही ती रेषा नव्या कागदावर उतरवायला घेतली.