ओलिताच्या रात्रीची तारीख: लाईन-नोंदीचं काम, डिसेंबर

३ डिसेंबर २०२४

मोटारीच्या खोलीतलं यंत्र काल रात्रीपासून चालू झालं. त्याचं काम एकच, थ्री फेज लाईन, म्हणजे मोटारीची वीज, कधी आली आणि कधी गेली ते टिपून ठेवायचं. हरभऱ्याचं ओलीत सुरू आहे आणि या आठवड्यात लाईनची पाळी रात्रीची. आत ईएसपी३२ ही छोटी संगणक-चिप आहे, त्यावर मायक्रोपायथन (पायथन या प्रोग्रामिंग भाषेचं छोटं रूप), समोर १२८ बाय ६४ ठिपक्यांचा ओएलईडी पडदा.

वावरात नेटचा भरवसा नाही, म्हणून वेळ डीएस३२३१ या घड्याळ-चिपकडून घेतो. ४० अंशांपर्यंत तिची चूक दहा लाख सेकंदांत फार तर दोन सेकंद, म्हणजे वर्षाला साधारण एक मिनिट. मे महिन्यात आमच्या टिनाखाली पारा ४० च्या वर जातोच. तिथे ही मर्यादा साडेतीन सेकंदांवर जाते, तरी दिवसाला ०.३ सेकंद. एवढी चूक मला चालते.

६ डिसेंबर

नोंदी लॅपटॉपवर उघडल्या तर साल १९९४! ईएसपी३२ वरचं मायक्रोपायथन सेकंद मोजायला १ जानेवारी २००० पासून सुरुवात करतं, लॅपटॉपचं पायथन १९७० पासून. ९४,६६,८४,८०० सेकंद मिळवले की जुळतं. नोंदी यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) ठेवतो, दाखवताना साडेपाच तासांचे १९,८०० सेकंद जोडतो.

मायक्रोपायथनच्या टाइम मॉड्यूलमध्ये वेळ हव्या त्या मांडणीत लिहून देणारं स्ट्रफटाइम नाही. लोकलटाइम आठ आकडे देतं, मांडणी आपली आपण करायची. (लॅपटॉपवर स्ट्रफटाइम वापरणाऱ्यांनी एक जपावं: लहान एम म्हणजे महिना, मोठा एम म्हणजे मिनिट. माझ्या पहिल्या फाईलीत सगळ्या नोंदी तास आणि १२ मिनिटांच्या होत्या.)

९ डिसेंबर

पडद्यावर ०२:३० पाहून बाबा म्हणाले, "हे झिरो दोन तीस काय हाय? रात्री अडीच म्हण ना."

बरोबरच आहे. पडदा त्यांच्यासाठी आहे, तर वेळ त्यांच्या बोलण्यातलीच हवी. तीन संध्याकाळी यावर गेल्या आणि या कामातला सगळ्यात आनंदाचा भाग हाच.

नियम सोपा वाटतो: पंधराला सव्वा, तीसला साडे, पंचेचाळीसला पुढच्या तासाचं पावणे. पण दीड आणि अडीच वेगळे काढावे लागतात. सव्वा वाजता म्हणजे सव्वाएक, तिथे एक म्हणायचा नाही. पावणेएक आमच्या घरी कोणी म्हणत नाही, १२:४५ म्हणजे पाऊण. २४ तासांच्या घड्याळातल्या शून्याला बारा करायचं.

जवळच्या पाव तासावर आणताना मी आधी फक्त मिनिटं गोल केली. ११:५५ ला ११ वाजून ६० मिनिटं झाली आणि शब्द सापडेना. मग सगळ्या सेकंदांत ४५० मिळवले, ९०० ने भागून पूर्णांक घेतला, परत ९०० ने गुणलं आणि त्यानंतरच तास-मिनिटं वेगळी केली. ११:५५ आपोआप बारा झाले.

पहाटे चार ते सहा, सकाळी बारापर्यंत, रात्री आठपासून, यावर घरात वाद नाही. साडेचारला दुपार म्हणायचं की संध्याकाळ, यावर आई-बाबांचं एकमत झालं नाही. आईचं ऐकून चारपासून संध्याकाळ लावली.

पडद्याच्या आतल्या फाँटमध्ये देवनागरी नाही, आणि सुटी अक्षरं काढून 'व्वा' किंवा 'ध्या' जुळत नाही. म्हणून अख्ख्या शब्दांचीच चित्रं केली: पाच प्रहर, सव्वा-साडे मंडळी सहा, एक ते बारा, सात वार आणि 'वाजता'. एकूण ३१. प्रत्येक ६४ बाय १६ ठिपक्यांचं, म्हणजे १२८ बाइट. चार केबीत सगळं बसलं.

१५ डिसेंबर

वाराचा घोळ निघाला. ३ तारखेच्या नोंदीवर 'मंगळवार रात्री अडीच वाजता' होतं. बाबा म्हणाले, "सोमवारच्या रातची लाईन होती ते, मंगळवार काहून लिवला?" पाणी द्यायला ते सोमवारी जेवून निघाले होते, तेव्हा त्यांच्या हिशेबात ती रात्र सोमवारचीच.

मग लक्षात आलं, ती नोंद यूटीसीत २ डिसेंबर, २१:०० अशी आहे. म्हणजे सोमवारच! यूटीसीची मध्यरात्र आपल्याकडे पहाटे साडेपाचला होते, त्यामुळे तिथला दिवस आपली रात्र मधून तोडत नाही. हवामान खातंही पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ मोजतं, ते म्हणजे यूटीसीचे ३. मी खुशीत वार यूटीसीवरून घ्यायला लावला.

१७ डिसेंबर

ते टिकलं नाही. ३ तारखेच्या त्याच रात्री लाईन गेली ५:१५ ला, आणि पडदा म्हणाला 'सोमवार पहाटे सव्वापाच वाजता'. सोमवारची पहाट तर आदल्या दिवशीच होऊन गेली होती. आपल्या बोलण्यात रात्र मागच्या वाराची आणि पहाट पुढच्या वाराची.

आता दोन हिशेब वेगळे केले. 'आज किती तास लाईन मिळाली' ही बेरीज यूटीसीच्या दिवसानुसार होते, म्हणून ती पावणेतीन तासांची रात्र एकाच ओळीत राहते. पडद्यावरचा वार मात्र आपल्या वेळेतून चार तास वजा करून काढतो. आज पडद्यावर वर 'सोमवार रात्री अडीच वाजता', खाली 'मंगळवार पहाटे सव्वापाच वाजता' आलं. बाबांनी दोन्ही ओळी मोठ्यानं वाचल्या आणि टॉर्च घेऊन वावरात गेले.

राहिलेलं काम: लाईन दोन-चार मिनिटांसाठी जाऊन परत येते तेव्हा दोन्ही नोंदी एकाच पाव तासावर येतात. तिथे मिनिटं दाखवावी लागतील.