पट्टी बघून सांग

"मॅडम, त्यानं हारन दिला व्हता का?"

ग्रामीण रुग्णालयाच्या शवविच्छेदन खोलीबाहेर ती भिंतीला टेकून बसली होती. नवरा जाऊन तीन तास झाले होते. गाडी कुणाची, ड्रायव्हर कुठला, भरपाई मिळते का, यातलं तिनं काहीच विचारलं नाही. हा एकच प्रश्न. त्यांना उजव्या कानानं कमी ऐकू यायचं, पण मोठ्या गाडीचा हॉर्न कळायचा आणि कळला की ते रस्ता सोडून थांबायचे, असं तिनं सांगितलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. "बघते मी," एवढंच म्हणाले.

फेब्रुवारी २०२३. मी उपनिरीक्षक होऊन दीड वर्ष झालं होतं. कल्याण-नगर महामार्गावर, माळशेज चढून वर आल्यावर जो सपाट पट्टा लागतो, तिथला अपघात. वाशीच्या बाजारात रात्री माल उतरवून रिकाम्या क्रेटसह परतणाऱ्या पिकअपनं एका माणसाला मागून उडवलं होतं. वय एकतीस. डेअरीला दूध घालून रिकामी किटली हातात घेऊन तो पायी घरी चालला होता.

ड्रायव्हर पळाला नव्हता. बावीस वर्षांचा पोरगा, क्रेटांच्या ढिगाजवळ उकिडवा बसलेला. "मॅडम, सूर्य पार डोळ्यात आला. माणूस मधी आला ते दिसलंच न्हाई." त्याचं म्हणणं खोटं वाटण्यासारखं नव्हतं. वेळ सकाळी साडेसातच्या आतली, त्या दिवसांत सूर्य सातनंतर उगवतो, आणि रस्ता तिथे आग्नेयेकडे जातो. मी स्वतः त्या जागी उभी राहिले तर कपाळावर हात धरावा लागला. जमलेली माणसंही तेच म्हणत होती, आणि सोबत हेही म्हणत होती की दूधवाला डांबरावरूनच चालत असणार.

पंचनाम्याला बसलो. टेप धरायला एक हवालदार, दोन पंच. अपघाताच्या पंचनाम्यात मी सगळ्यात आधी टायर घासल्याच्या खुणा शोधते. ब्रेक दाबला की रबराची काळी रेघ उमटते आणि ती रेघ सांगते की ड्रायव्हरला समोरचं दिसलं होतं, उशिरा का होईना. इथे डांबरावर काहीच नव्हतं. कडेच्या पांढऱ्या रेघेपलीकडे, साईडपट्टीच्या मुरमात मात्र डाव्या चाकांचा माग होता. चौदा मीटर. सरळ, शांत, चाक नुसतं फिरत गेल्याचा. एक चप्पल त्याच मुरमात, रेघेपासून हातभर आत. म्हणजे माणूस रस्त्यावर आला नव्हता. गाडीच हळूहळू रस्ता सोडून त्याच्याकडे गेली होती.

सूर्य डोळ्यावर आला तर माणूस काय करतो? पाय ॲक्सिलेटरवरून उचलतो, डोळे बारीक करतो, वरची झडप खाली ओढतो. मी केबिनमध्ये वाकून पाहिलं. सनवायझर वर, छताला चिकटलेलं. फोटो काढला.

केबिनमधल्या वस्तूंची यादी हवालदार बोलत गेले, मी लिहीत गेले. क्लचजवळ पायाशी मोबाईल, काचेला तडा. पाण्याची बाटली. गुटख्याच्या पुड्या. एक रुमाल. सीटखाली कागदी पाकीट, त्यात पट्ट्या सात. पायपोसावर सुटी पट्टी एक, उघडी, रक्कम ४,८६५ रुपये. भाजीपाल्याच्या पट्ट्यात वाढलेल्याला पट्टी सांगायला नको. अडत्या मालाचं वजन, भाव, वजा केलेली हमाली आणि भाडं लिहून हिशेबाची जी चिठ्ठी देतो ती. आदल्या दिवशीच्या मालाच्या पट्ट्या ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी गावात आणतो. सात पाकिटात आणि एकच बाहेर का, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. तो पडायला हवा होता.

गुन्हा दाखल झाला. भारतीय दंड विधान २७९ (बेदरकारपणे गाडी चालवणं), ३०४अ (निष्काळजीपणानं मृत्यू) आणि मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ (धोकादायक ड्रायव्हिंग). तेव्हा अजून जुनाच दंड विधान होता, ३०४अ ला जास्तीत जास्त दोन वर्षं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम १०६ खाली ती पाच झाली. कलम जामीनपात्र, त्यामुळे पोरगा त्याच दिवशी सुटला. अपघाताच्या संगणकीय नोंदीत मी कारण भरलं: अतिवेग. खरं सांगायचं तर हा रकाना बहुतेक वेळा असाच भरला जातो. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. सरकारी अहवालात त्यातले सत्तर टक्क्यांहून जास्त मृत्यू अतिवेगाच्या नावावर आहेत आणि मोबाईलच्या नावावर दोनेक टक्के. हे आकडे जिथून निघतात त्या नोंदी आमच्यासारखेच भरतात, म्हणून सांगते, ते दोन टक्के खरे नाहीत. वेग दिसतो, चेंदामेंदा झालेलं बंपर दिसतं. फोन कुणी विचारला तरच दिसतो.

मी विचारला, तो त्या बाईच्या हॉर्नमुळे. आडवं कुणी आलं तर आपला तळहात आपोआप हॉर्नवर जातो. याचा का गेला नाही? हात कुठे होता?

मोबाईल जप्त होताच. मी सीडीआर, म्हणजे मोबाईल कंपनीकडची कॉलची नोंद, मागवला. साहेबांनी विचारलं, "जामीनपात्र गुन्ह्याला सीडीआर?" मी मुरमातल्या मागाचे फोटो पुढे ठेवले. त्यांनी ते दोनदा पाहिले आणि सही केली. अधीक्षक कार्यालयातून मोबाईल कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे पत्र गेलं. अकरा दिवसांनी कागद आला, सोबत पुरावा कायद्याच्या ६५ब चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नोंदीला लागणारं, प्रमाणपत्र.

आलेला कॉल, ७ वाजून २३ मिनिटं ४१ सेकंद. कालावधी २१४ सेकंद. ११२ नंबरवर पहिली खबर ७.२८ ला. दोन यंत्रणांची दोन घड्याळं, त्यामुळे मिनिटांच्या हिशेबावर मी विसंबले नाही. सीडीआरमध्ये आणखी दोन रकाने असतात, कॉल सुरू झाला तेव्हाचा सेल आयडी आणि संपला तेव्हाचा. दोन्ही वेगळे होते. सुरुवातीचा टॉवर मागच्या गावाचा, शेवटचा अपघाताच्या जागेचा. बोलणं चालत्या गाडीत सुरू झालं होतं आणि तिथे येऊन संपलं होतं.

पोराला बोलावलं, कागद समोर ठेवला. तो रडायला लागला. माझी समजूत होती की तो स्वतःला वाचवत होता. तसं नव्हतं. कॉल मालकाचा होता, मालक त्याच्या आईचा मावसभाऊ, त्यानंच गाडीवर लावलेलं. "मामांचं नाव यायला नको, मॅडम. त्यांनी आमचं घर चालवलंय."

दुसऱ्या दिवशी मालक आपणहून आला. पन्नाशीचा माणूस, डोक्यावर टोपी, हातात गाडीच्या कागदांची पिशवी. मी जबाब लिहायला घेतला. तो काय म्हणाला ते जवळजवळ त्याच्याच शब्दांत देते.

"घाटात फोन लागत नव्हता. मी साडेसहापासून लावत होतो. दारात चार शेतकरी बसलेले, पट्टी काय आली म्हणून. वर आल्यावर लागला. मी म्हणलो, कुठं आलास. तो म्हणला, अर्ध्या तासात पोचतो. मी म्हणलो, लोकं थांबल्यात, कोथिंबिरीची पट्टी तेवढी बघून सांग. तो म्हणला, गाडीवर हाय मामा, घरी आल्यावर सांगतो. मी म्हणलो, एवढा काय वेळ लागतो रं, बघून सांग."

इथे तो थांबला. मी पेन खाली ठेवलं. हवालदारांनी पाण्याचा ग्लास सरकवला, त्यानं तो नुसता धरून ठेवला.

"कागद वाजल्याचं ऐकू आलं. तो म्हणला, चार हजार आठशे… आन मग आवाज झाला. मला वाटलं टायर फुटला. मी हॅलो हॅलो करत राहिलो."

मी पंचनामा उघडला. पायपोसावर पट्टी एक, उघडी. ४,८६५. पासष्ट म्हणायचे राहिले होते.

मोबाईल खांदा आणि कान यांच्यात, एका हातात पट्टी, डोळे बारीक अक्षरावर. ताशी साठच्या वेगानं गाडी सेकंदाला साडेसोळा मीटर जाते. पाकिटातून नेमका कागद काढून, आकडा शोधून, अर्धा वाचेपर्यंत किती मीटर झाले असतील ते तुम्हीच मोजा. रस्त्यावर त्या वेळात ड्रायव्हर नव्हताच.

जबाबावर सही करताना मालकानं विचारलं, "माझ्यावर कंचं कलम लागतं?" मी म्हणाले, "कुठलंच नाही. तुम्ही साक्षीदार." तो उठला नाही. "पण सांगितलं तर मी," म्हणाला. मी सरकारी वकिलांनाही विचारलं होतं. कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनं हातातला फोन स्पष्ट शब्दांत आला, पहिल्या वेळेला सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा एक ते पाच हजार दंड, किंवा दोन्ही. ऑक्टोबर २०२० पासून नियमांनी फोनवर नकाशा बघायला मुभा दिली, तीही फक्त रस्ता शोधण्यापुरती आणि लक्ष ढळणार नाही अशा रीतीनं. कायदा असा फोन धरलेल्या हातापर्यंत पोचला आहे. पलीकडून 'बघून सांग' म्हणणाऱ्या तोंडापर्यंत तो जात नाही, आणि कसा जाईल तेही मला सुचत नाही. पण त्या २१४ सेकंदांत गाडी दोघांनी चालवली होती, हे मला त्या टेबलाशी बसून दिसलं. पोरगा तर एकदा नाही म्हणाला होता. गाडीवर असलेल्या माणसाला नाही म्हणू देणं हे फोन करणाऱ्याच्या हातात असतं, आणि ट्रान्सपोर्टवाले, अडते, घरचे, आमची स्वतःची ठाणी, कुणीच ते देत नाही. याचा मला राग आहे आणि तो अजून गेलेला नाही.

नोंदीतलं कारण मी बदललं. परवाना निलंबनाचा प्रस्ताव आरटीओकडे गेला. वाहन चालवताना फोन वापरला तर किमान तीन महिन्यांचं निलंबन, असा सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीचा २०१५ चा निर्देश आहे. दोषारोपपत्रात पट्टी मुद्देमाल म्हणून लावली. मोटार अपघात न्यायाधिकरणातला दावा वेगळा चालू झाला.

मग मी तिच्या घरी गेले. गोठ्यात दोन गाई, दाराशी दुसरी किटली उपडी ठेवलेली. डेअरीला दूध आता ती घालत होती. मला बसायला पोतं अंथरलं.

"वहिनी, तुम्ही विचारलं होतं," मी म्हणाले. "हॉर्न दिला नव्हता. तो कागद बघत होता. त्यानं तुमच्या मालकांना पाहिलंच नाही."

ती थोडा वेळ गप्प होती.

"म्हंजी ते बाजूलाच व्हते?"

"हो. रेघेच्या बाहेर होते. मुरमात."

ती उठली, आत गेली, आणि सासूला मोठ्यानं सांगितलेलं मला बाहेर ऐकू आलं: "आत्या, ते रस्त्यात नव्हते चालत. मॅडम सांगत्यात. बाजूलाच व्हते."