बग उघडाच का राहतो?

“दीड वर्षापूर्वी बग कळवला होता. एका ओळीचं काम आहे. अजून तसाच कसा?”

पायथन या प्रोग्रामिंग भाषेत फोटो हाताळणारी एक लहानशी लायब्ररी आहे, म्हणजे कुणीही आपल्या प्रोग्राममध्ये वापरावा असा तयार कोड. तिच्या इश्यूंची, म्हणजे लोकांनी नोंदवलेल्या तक्रारींची, यादी मी फावल्या वेळात सांभाळते. हा प्रश्न महिन्यातून एकदा तरी येतोच. तुम्हीही विचारलंत, म्हणून आज जरा नीट सांगते.

काम बऱ्याचदा खरंच एका ओळीचं असतं. आमच्यापेक्षा कितीतरी मोठ्या ओपनसीव्ही या चित्रं हाताळणाऱ्या लायब्ररीचं बघा. ती रंग लाल-हिरवा-निळा असे न देता निळा-हिरवा-लाल असे देते. 1999 मध्ये इंटेलमध्ये तिचं काम सुरू झालं, त्या काळी कॅमेऱ्यांच्या जगात हा क्रम रुळलेला होता. आज एखादा नवखा तिच्यातून हळदीचा फोटो उघडतो, दुसऱ्याच लायब्ररीने दाखवतो, आणि नवरीच्या गालावरची हळद आकाशी! तो तडक बग नोंदवतो. पण क्रम आज उलटा केला, तर तो गृहीत धरून ज्यांनी ज्यांनी कोड लिहिलाय, त्या सगळ्यांची हळद आकाशी होईल. वर एररसुद्धा येणार नाही. प्रोग्राम सुरळीत चालेल, चित्र तेवढं चुकेल. बंद पडणारा प्रोग्राम परवडला, पण हे नको.

पिलो या पायथनच्या फोटो-लायब्ररीने आडव्या पडणाऱ्या फोटोंसाठी मधला रस्ता काढला. फोन पुष्कळदा पिक्सेल आहेत तसेच ठेवतो आणि ‘मला फिरवून बघा’ एवढी चिठ्ठी एक्झिफमध्ये, म्हणजे फाइलमध्ये फोटोसोबत राहणाऱ्या माहितीत, लिहितो. पिलो फाइल उघडताना फोटो आपणहून फिरवत नाही. 2019 च्या 6.0 आवृत्तीत त्यासाठी वेगळं फंक्शन आलं. हवं त्याने ते वापरावं, जुन्यांना धक्का नाही.

साधं नाव बदलणंही सोपं नसतं. फोटो लहान-मोठा करताना वापरायच्या ‘अँटिअलायस’ या फिल्टरला पिलोने 2015 मध्ये ‘लँक्झोस’ हे नाव दिलं, जुनं नावही चालू ठेवलं. 2022 पासून इशारे दिले आणि जुलै 2023 मध्ये 10.0 आवृत्तीत जुनं नाव काढलं. तरी लोकांचे प्रोग्राम धडाधड बंद पडलेच. इशारे वाचतो कोण? (मीही वाचत नाही.)

अर्थात आमचे सगळेच इश्यू अशा थोर कारणांनी अडलेले नाहीत. ‘सुधारणा’ हे लेबल म्हणजे आमचा माळा. फेकवत नाही आणि लागतही नाही असं सगळं तिथे जातं. काही बग तर निव्वळ माणूस नाही म्हणून पडून आहेत. रविवारी दुपारी दोन तास मिळतात, त्यातला एक डुप्लिकेट इश्यू शोधण्यात जातो.

आणि काही अडतात ते फाइलमुळे. बग पुन्हा घडवून दाखवता आला नाही, तर दुरुस्त काय करणार? लोक व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून आलेला फोटो जोडतात. तिथे तो लहान होतो, नव्याने दाबला जातो, एक्झिफ उडतो. रोगी बरा होऊनच दवाखान्यात येतो म्हणा ना.

तुमचा इश्यू काल काढून पाहिला. फोटो आडवा येतो अशी तक्रार आहे, आणि जोडलेला फोटो माझ्याकडे सरळ उघडतो. मूळ फाइल फोनमध्ये अजून असेल तर झिप करून जोडा. रविवारी बघते.