आमची वाटचाल: मसजिद बंदरच्या गादीवरून बोरा बाजारात

बाबा मसजिद बंदरच्या एका पेढीवर हिशेब लिहायचे. शाळेला सुट्टी लागली की मी त्यांच्याजवळ गादीवर जाऊन बसायचे. खतावणी कशी वाचायची, जमा कुठे, नावे कुठे, शेवटी बाकी कोणाकडे निघते, हे त्यांनीच शिकवलं. व्यापारी दाव्यांची वकिली करताना आज मी रोज तेच करते.

चर्चगेटच्या सरकारी विधी महाविद्यालयातून एलएलबी केलं आणि फोर्टमधल्या एका सॉलिसिटर फर्ममध्ये आर्टिकलशिपला, म्हणजे उमेदवारीला, लागले. उच्च न्यायालयाच्या ओरिजिनल साइडला, म्हणजे जिथे दावे थेट दाखल होतात तिथे, सॉलिसिटरने ब्रीफ (खटल्याच्या कागदांचा संच) तयार करायचं आणि काउन्सेलने, म्हणजे युक्तिवाद करणाऱ्या वकिलाने, कोर्टापुढे उभं राहायचं, ही मुंबईची जुनी रीत. सात वर्षं मी ब्रीफच तयार केली. पानांना नंबर घालायचे, तारखांची यादी करायची, झेरॉक्स मूळ कागदाशी ताडून पाहायची. माझं खरं शिक्षण तिथे झालं.

२०११ मध्ये बोरा बाजारात दीड खोलीचं चेंबर घेतलं. मी आणि एक क्लार्क.

२०१६ मध्ये एक हार्डवेअरचे व्यापारी प्लास्टिकच्या पिशवीत चलनं कोंबून आले. बिलं २०१२ ची, वसुलीच्या दाव्याची मुदत तीन वर्षं. "मुदत गेली," असं सांगून दोन ठिकाणांहून त्यांना परत पाठवलं होतं. आम्ही पिशवी टेबलावर रिकामी केली आणि रात्री नऊपर्यंत कागद लावत बसलो. तळाशी खात्याचा एक उतारा निघाला. त्याखाली निळ्या शाईत 'बाकी बरोबर', सही, रबरी शिक्का आणि तारीख नोव्हेंबर २०१४ ची. मुदत संपण्याआधी देणेकऱ्याने सहीनिशी देणं कबूल केलं, तर मुदत कायद्याच्या कलम १८ प्रमाणे त्या सहीपासून नव्याने मुदत मोजतात. दावा दाखल झाला. तो उतारा पाहिल्यावर समोरच्यांनीच तडजोडीचं बोलणं काढलं.

एक चूकही सांगायला हवी. २०१५ च्या व्यापारी न्यायालय कायद्याने कैफियतीची, म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तराची, मुदत समन्स बजावल्यापासून जास्तीत जास्त १२० दिवसांवर आणली. त्यानंतर न्यायालय ती दाखल करून घेत नाही. एका अशिलाने समन्स मिळाल्याची जी तारीख सांगितली, तीच धरून आम्ही दिवस मोजले. प्रत्यक्षात समन्स त्याआधी तीन आठवडे गोदामात बजावलं गेलं होतं. कैफियत नाकारली गेली, अशिलाचा बचाव रेकॉर्डवर आलाच नाही. बेलिफचा, म्हणजे समन्स बजावणाऱ्या कोर्टाच्या कर्मचाऱ्याचा, अहवाल आम्ही स्वतः पाहायला हवा होता. त्या कामाची फी आम्ही परत केली, पण त्या गृहस्थांचा चेहरा मी विसरलेले नाही. आता तो अहवाल हातात आल्याशिवाय आमच्या डायरीत तारीख चढत नाही.

२०१८ मध्ये व्यापारी न्यायालयात जाण्यासाठी लागणारी दाव्याची किमान रक्कम एक कोटीवरून तीन लाखांवर आली आणि छोट्या दुकानदारांची कामं वाढली. तातडीचा आदेश मागायचा नसेल तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची झाली. मला ते मनापासून पटतं. वर्षानुवर्षं एकमेकांना माल देणारी माणसं पुष्कळदा समोरासमोर बसली की बोलतात.

आज आम्ही सहा जण आहोत. वकिलांनी जाहिरात करू नये हा बार कौन्सिलचा नियम, म्हणून अशिलांची नावं इथे नाहीत. भेटायला याल तेव्हा कागद निवडून आणू नका. चहाचा डाग पडलेलं चलनसुद्धा घेऊन या.