आमची वाटचाल : मागाच्या शेडपासून वासरांच्या गोठ्यापर्यंत

आमच्या घरी चादरीचे माग होते. सोलापुरातले बरेच माग थंडावत गेले, तसे आमचेही थांबले. वडिलांनी मोहोळ रस्त्याला घेऊन ठेवलेल्या जागेत मी २०१५ साली कालवडी सांभाळायला सुरुवात केली. आठवड्याच्या आतल्या संकरित कालवडी विकत घ्यायच्या, वाढवायच्या आणि गाभण झाल्या की विकायच्या, एवढाच विचार होता.

पहिल्या हिवाळ्यात वेगवेगळ्या गोठ्यांतून बारा कालवडी आणल्या. पाच गेल्या. सगळ्यांना हगवण. पाण्यासारखं पिवळं शेण, खोल गेलेले डोळे, थंड पडलेले कान. मी दिसेल तिला अँटिबायोटिक टोचून घेत होतो. आईनं एकीचं डोकं मांडीवर घेऊन रात्र काढली, पहाटे तीही गेली. आता हा धंदा नको, असं मी घरात सांगूनही टाकलं होतं.

आमच्या पशुवैद्य डॉक्टरांनी तेव्हा एकच विचारलं, "कितव्या दिवशी लागली?" मला सांगता येईना. एकीचीही जन्मतारीख लिहिलेली नव्हती.

वयावरून जंतूचा अंदाज येतो, हे मला तेव्हा कळलं. पहिल्या चार-पाच दिवसांत धो-धो लागलं तर संशय ई-कोलाय या जिवाणूचा. पाचव्या दिवसापासून तिसऱ्या आठवड्यापर्यंत रोटा आणि कोरोना विषाणू (हा कोरोना जनावरांतला, कोविडचा नव्हे) आणि क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी. तीन आठवड्यांपुढे शेणात रक्त आणि वासरू कुंथत असेल तर कॉक्सिडिया हे आतड्यातले परजीवी. ताप आणि रक्त दोन्ही असेल तर साल्मोनेला हा जिवाणूही असू शकतो. पुष्कळदा दोन-तीन जंतू एकदमच असतात. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. वासरू मरतं ते अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यानं. म्हणून दूध बंद न करता, मधल्या वेळात क्षारांचं पाणी पाजत राहायचं. मी तर दूधच तोडत होतो.

शेण तपासून घेतलं. रोटा आणि क्रिप्टो दोन्ही निघाले. क्रिप्टोच्या अंड्यांसारख्या टणक बीजांड्या ब्लीचिंग पावडरला दाद देत नाहीत, त्या मरतात उकळत्या पाण्यानं आणि कडक वाळवणीनं. ऊन तर आमच्याकडे चाळीसच्या वर जातं! एकत्र कोंडवाडा मोडला, प्रत्येकीला सुटी जाळी केली आणि रिकामी झालेली जाळी धुऊन उन्हात तापवल्याशिवाय दुसरं वासरू आत घेणं बंद केलं. त्याच दिवसांत गोठ्यातल्या आमच्या पोरालाही जुलाब झाले. हा परजीवी माणसालाही लागतो म्हटल्यावर साबण आणि वेगळे गमबूट दाराशीच ठेवले. आजारी वासराचं काम सगळ्यात शेवटी.

पण खरं दुखणं आमच्याकडे येण्याआधीचं होतं. गावोगाव म्हातारी माणसं सांगायची, "जार पडल्याबिगर चीक पाजायचा नाय." जार म्हणजे वार. ती पडायला कधी कधी आठ-दहा तास जातात, आणि चिकातली रोगप्रतिकारक प्रथिनं वासराच्या आतड्यातून रक्तात जायची वाट तर तासातासाला बंद होत जाते, दिवसभरानंतर जवळपास मिटते. तीस किलोच्या वासराला पहिल्या दोन तासांत दोन लिटर आणि बारा तासांच्या आत आणखी लिटरभर चीक गेलाच पाहिजे. हे पटवायला मी दारोदार फिरलो. एका आजींनी मला अंगणातून परत पाठवलं होतं. पुढं त्यांच्याच नातवानं मध्यरात्री फोन केला, "दादा, आत्ताच व्यायली, किती पाजू?"

पंढरपुरी म्हशींची रेडकंही आता येतात. त्यांच्यात आईच्या दुधातून येणारे गोल जंत असतात, म्हणून दहा-पंधराव्या दिवशी डॉक्टरांच्या सल्ल्यानं जंताचं औषध देतो.

आज जन्माची तारीख आणि पहिला चीक किती वाजता पाजला, हे दोन्ही लिहून आणल्याशिवाय आम्ही वासरू उतरवून घेत नाही. गाडी दारात आली असली तरी.