सांगितली एलपी(ए), केली अपो ए-वन

रक्ताची एक साधी तपासणी. डॉक्टर मॅडमनी चिठ्ठीवर स्वच्छ अक्षरात लिहिली होती: लायपोप्रोटीन, पुढे कंसात ए. ती पार पडेपर्यंत डोक्याची पार मंडई झाली, म्हणून हे लिहितोय.

मला मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. वडील पन्नाशीतच हार्ट अ‍ॅटॅकने गेले, काका त्याच्याही आधी. माझं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, आटोक्यात असूनही मॅडम म्हणाल्या, "घराण्यात एवढं आहे, तर एलपी(ए) एकदा बघूनच टाकू." हा एलडीएलचाच सख्खा भाऊ. रक्तात किती असणार हे जवळपास सगळं एका जनुकावर ठरतं, त्यामुळे बहुतेकांना आयुष्यात एकदा तपासलं तरी पुरतं.

काउंटरवरच्या मुलाने चिठ्ठीकडे ओझरतं पाहिलं, काहीतरी टाइप केलं आणि म्हणाला, "काका, उद्या उपाशीपोटी या. बारा तास." वास्तविक एलपी(ए)ला उपाशी राहावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी टोकन घेऊन बसलो, तर शेजारच्या आजोबांना दरदरून घाम फुटला. साखर उतरली होती. सुनेने पर्समधून ग्लुकोजचा पुडा काढला म्हणून निभावलं. उपाशी जायचं असेल तर सकाळची मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन कधी घ्यायचं, हे आदल्या दिवशीच डॉक्टरांना विचारून घ्या.

रिपोर्ट मोबाइलवर आला: अपोलिपोप्रोटीन ए-वन, हिरव्या रंगात, नॉर्मल.

काउंटरवर गेलो. "एकच असतं काका, सिस्टीममध्ये असंच दिसतं." एकच कसं असेल? अपो ए-वन हे चांगल्या कोलेस्टेरॉलचं, म्हणजे एचडीएलचं प्रथिन. ते भरपूर असलेलं बरं. एलपी(ए) जितकं कमी तितकं बरं. चुकीच्या तपासणीचा हिरवा रिपोर्ट घेऊन एखादा माणूस निर्धास्त घरी जाईल, याचाच मला संताप आला. मॅनेजरसाहेब फोनवर. मग "टेक्निकल टीमला मेल टाकलाय." मग "मेलचं उत्तर यायचंय." मग "नवीन टेस्टचे पैसे वेगळे भरावे लागतील." चिठ्ठी दाखवली की प्रत्येक जण ती उलटीसुलटी करून परत द्यायचा. शेवटी आत रक्त काढणाऱ्या ताई बाहेर आल्या. त्यांनी ड्रॉवरमधली चुरगळलेली छापील यादी काढली, निळा ग्लोव्ह घातलेलं बोट ओळीओळीवरून फिरवलं आणि एका कोडवर थांबवलं. "ही हवीय यांना." काम तिथे झालं. तुम्ही बुकिंगच्या वेळीच पावतीवरचं तपासणीचं पूर्ण नाव वाचा, पैसे त्यानंतर द्या.

आकडा आला 160 नॅनोमोल. 125च्या वर जास्त धरतात. धाकट्या भावालाही करायला लावली, तर त्याचा रिपोर्ट मिलिग्रॅममध्ये, तिथे मर्यादा 50. दोन्हींची सरळ गुणाकाराने अदलाबदल होत नाही, कारण या कणाचा आकार माणसागणिक वेगळा. एकमेकांशी तुलना करत बसू नका.

बायकोचा पहिला प्रश्न, "मग इतके दिवस तुम्हाला कमी तेलाचं करून घातलं, ते वाया?" मॅडमनी मस्त समजावलं. एलपी(ए) पथ्याला दाद देत नाही. तूप-लोणी कमी केल्यावर तो किंचित वाढल्याचंही आढळलंय. पण एलडीएल, साखर आणि रक्तदाब पथ्याने उतरतात, आणि एलपी(ए) जास्त असलेल्याने तेच जास्त कसून उतरवायचे. सगळी जनुकं अशी हट्टी नसतात. मधुमेहाशी जोडलेलं टीसीएफ7एल2 नावाचं जनुक घ्या. स्पेनमधल्या प्रेडिमेड अभ्यासात, दोन्ही पालकांकडून त्याचा धोक्याचा प्रकार आलेल्यांना नुसत्या कमी चरबीच्या आहारावर पक्षाघात जास्त झाले; ऑलिव्ह तेल किंवा सुकामेवा असलेल्या भूमध्यसागरी आहारावर ती वाढ दिसली नाही. हे 2013 साली प्रसिद्ध झालं. आमच्याकडे ऑलिव्ह तेल परवडत नाही, पण मूठभर शेंगदाणे-अक्रोड, डाळी, पालेभाज्या वाढल्या आणि फरसाण बंद झालं. बायको खूश, मी अर्धा.

स्टॅटिनची गोळी सुरूच आहे. तीही एलपी(ए) कमी करत नाही, पण एलडीएल कमी करते, म्हणून मनाने बंद करू नका.

पहिल्या तपासणीचे पैसे? ते रोख परत मिळत नाहीत म्हणे. क्रेडिट नोट दिली आहे, आणि ती फक्त फुल बॉडी पॅकेजवर चालते.